दुसरा माणूस

वीज गेली आणि लिफ्ट तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मध्येच थांबली, तेव्हा घुम्या लिफ्टच्या आत नव्हता, टपावर होता. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस टपावर उभा राहतो आणि तिथल्या बटणांनी ती हळूहळू वर नेत दोर, रूळ, दारांची कुलपं तपासत जातो. चौथ्या मजल्याच्या दाराचं कुलूप हाताच्या टप्प्याबाहेर वर राहिलं होतं, तिसऱ्याचं दार पायाखाली गेलं होतं. फोन पिशवीत होता आणि पिशवी तिसऱ्या मजल्यावर, बंद दारापलीकडे.

त्याने वाट पाहिली. मग गळ्यातली बॅटरी विझवून ठेवली, उगाच जळायला नको म्हणून, आणि शाफ्टच्या, त्या लिफ्टच्या विहिरीच्या, अंधारात पुन्हा वाट पाहिली. ओरडायला हवं हे त्याला कळत होतं, पण तिथेच घोडं अडलं. ओरडायचं काय? ‘वाचवा’ म्हणावं तर कोणी मारत नव्हतं. ‘अहो’ म्हणावं तर कोण अहो? शिवाय लिफ्टवालाच लिफ्टमध्ये अडकला ही गोष्ट संध्याकाळपर्यंत घराघरात रंगली असती. शेवटी त्याने पान्याने रुळावर ठोकलं. तेही हळूच, कोणाची झोपमोड होऊ नये अशा बेताने.

दुपार कलली असावी. पोटात कावळे ओरडायला लागले होते. एवढ्यात वर गच्चीवरच्या मशीनच्या खोलीतून, दोर खाली सोडायच्या भोकातून आवाज आला.

“खाली कोण आहे?”

“मी.”

“मी कोण?”

घुम्या विचारात पडला. “लिफ्टवाला.”

“लिफ्टवाला तर मी आहे,” वरचा आवाज म्हणाला.

मग वरच्या माणसाने ब्रेक हाताने सैल करून चाक फिरवलं आणि लिफ्ट इंच इंच वर सरकवत चौथ्या मजल्याशी आणली. घुम्याने आतून कुलूप सोडवलं, दार सरकवलं आणि जिन्यातल्या उजेडात येऊन डोळे मिचकावत उभा राहिला. तोवर वरचा माणूस जिना उतरून आला होता. ताठ पाठ, बारीक कापलेले केस, चालण्यात कवायत. सैन्यातून निवृत्त होऊन लिफ्टच्या कामात पडलेला हा फौजी. दोघं एकमेकांना नावाने नाही तरी ऐकून ओळखत होते. घुम्याच्या हातच्या दोन इमारती याच माणसाने पळवल्या होत्या आणि आज इथे त्याला कोणी बोलावलं असेल हेही घुम्याच्या ध्यानात आलं. खालचे सेक्रेटरी गेले काही दिवस नजर चुकवत होते.

“दुसरा माणूस कुठाय?” फौजीने विचारलं.

“नाही.”

“नाही म्हणजे? शाफ्टमध्ये एकटे उतरता? घरी तरी सांगून आलात?”

“कामावर जातो म्हणून सांगितलं.”

“कुठल्या?”

घुम्याने पाना पुसून खिशात घातला. फौजीने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग तो खाली गेला आणि सेक्रेटरींना म्हणाला की लिफ्ट ठीक आहे, हे गृहस्थ नीट बघतायत, मला यात हात घालायचं कारण दिसत नाही. परत येऊन घुम्याला म्हणाला, “चला. चहा प्यायला लागेल तुम्हाला.”

घुम्या हे काही त्याचं नाव नव्हतं. लिफ्टच्या मोठ्या कंपनीत तो तरुणपणी लागला तेव्हा बरोबरच्या पोरांनी ते ठेवलं, आणि त्या पोरांना नातवंडं झाली तरी ते टिकलं. माणूस कामाला चोख. मशीनच्या खोलीत शिरला की आधी डोळे मिटून उभा राहायचा आणि मोटारीच्या घरघरीतून काय झिजलंय ते सांगायचा. पण कामाबाहेर तोंडातून ब्र काढायचा नाही. डबा एकट्याने खायचा, लग्नाकार्याची आमंत्रणं खिशातच राहायची. ओळखी वाढवणारे, साहेबांच्या पुढेमागे करणारे लोक त्याला डोळ्यासमोर नको असत. आपण बरे नि आपलं काम बरं, एवढंच त्याचं म्हणणं, आणि तेही त्याने कधी म्हटलं नव्हतं.

मग कंपनीने जुन्या बनावटीच्या लिफ्ट सांभाळणं बंद केलं आणि त्या सांभाळणाऱ्यांना घरी पाठवलं. निरोपाच्या दिवशी बाकीच्यांच्या फोनमध्ये शंभर माणसं होती. कोणी कोणाकडे, कोणी कुठे चिकटलं. घुम्याकडे होत्या पाच-सात जुन्या इमारती, ज्यांना दुसरा कोणी वाली नव्हता. तो एकटा जायचा, एकटा चढायचा. त्या दुपारपर्यंत.

फौजी त्याला घेऊन गेला ते एका गाळ्यात. तिथे जळक्या वार्निशचा वास होता आणि जळालेल्या मोटारींचे सांगाडे भिंतीला टेकून बसले होते. मधोमध चष्मा नाकावर आणून एक बाई तांब्याची तार गुंडाळत होती. तिला सगळे ताई म्हणत. मोटारींचं वाइंडिंग नवऱ्याकडून शिकली, नवरा गेल्यावर गाळा तिने चालवला, आणि आता तिच्या हातची मोटार परत येत नाही असं लोक म्हणत. तिची जीभ तिच्या हातांइतकीच चालायची.

“हे कोण?” तिने तारेवरून नजर न काढता विचारलं.

“टपावर सापडले,” फौजी म्हणाला. “सकाळपासून.”

“म्हणजे जेवले नसतील.” ताईने हात पुसले, डबा उघडला आणि त्याच्यापुढे सरकवला. “खा. लाजू नका. लाजायचं ते एकटे चढताना लाजायचं होतं.”

घुम्या खाली मान घालून जेवला. कोपऱ्यात एक दणकट माणूस लोखंडी दाराची पट्टी घासत बसला होता. त्याने वर बघून सलाम केल्यासारखा कपाळाला हात लावला. हा वेल्डर. जन्मापासून ऐकू येत नव्हतं, बोलणं हातांचं. त्याच्या जोडकामावर बोट फिरवलं तरी सांधा लागायचा नाही, म्हणून सगळे त्याला उस्ताद म्हणत.

या गाळ्यात ठरून असं काही नव्हतं. कोणी कोणाचा मालक नव्हता, भागीदार नव्हता. कोणाला मोटारीत नवी तार भरून हवी असायची, कोणाला दार सरळ करून. येता जाता गाठी पडायच्या. पण फौजीने एक कायदा घातला होता आणि ताईने तो सगळ्यांच्या गळी उतरवला होता: शाफ्टमध्ये जाणाऱ्याने इथल्या कोणाला तरी हाक मारायची. हाक आली की हातातलं काम ठेवून जायचं. इमारत कोणाची, हे विचारायचं नाही.

घुम्याला हे जड गेलं. दुसऱ्याच्या हाकेला तो लगेच धावायचा; बॅटरी घेऊन हजर. पण स्वतः हाक मारायची म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटायची. पहिल्यांदा त्याने फौजीला फोन केला तो असा:

“मी बोलतोय.”

“बोला.”

“उद्या चढायचंय.”

“मग?”

घुम्याने फोन या हातातून त्या हातात घेतला.

“येऊ का, असं विचारतो मी,” फौजी शेवटी म्हणाला. “तुम्ही फक्त हां म्हणा.”

“हां,” घुम्या म्हणाला.

पुढे पुढे ते सवयीचं झालं. तो गाळ्यात जाऊन बसायला लागला. बोलायचा नाही, पण बसायचा. बायकोच्या ध्यानात आलं की नवरा शनिवारी दाढी करून बाहेर पडतो. ती फक्त डबा मोठा द्यायला लागली.

मॅडम या मंडळींत आली ती याच सुमारास. वयाने सगळ्यांत लहान, लिफ्टचंच इंजिनिअरिंग शिकलेली. नोकरीच्या ठिकाणी तिला टेबलाशी बसवून ठेवलं होतं. साइटवर पाठवा म्हटलं की साहेब हसायचे. ती नोकरी सोडून बाहेर पडली आणि वर्षभर कोणी तिला दारात उभं करेना. एकदा मोटार भरायला टाकली म्हणून गाळ्यात आली आणि ताईने तिला पिशवी खाली ठेवायला लावली. सगळे तिला मॅडम म्हणायचे, ताई तेवढी पोरी म्हणायची.

एका इमारतीत जायचं होतं. फौजी दुसरीकडे अडकलेला, म्हणून घुम्याने मॅडमला बरोबर घेतलं. तिथल्या सेक्रेटरींनी तिला पाहिलं आणि घुम्याला बाजूला घेतलं. पण बोलले ते तिला ऐकू जाईल असंच.

“यांना वर चढवणार? उद्या काही झालं तर आमच्या गळ्यात. तुम्ही जा वर. बाईंना बसू दे खाली, खुर्ची देतो.”

मॅडमने हातमोजे काढायला सुरुवात केली. तिला हे नवीन नव्हतं.

“लिफ्टचा कंट्रोल पॅनेल यांना कळतो,” घुम्या म्हणाला. “मला निम्मा कळतो. यांनी वर जायचं, मी यांच्या खाली थांबायचं, असं आमचं ठरलंय. या चढणार नसतील तर मीही चढत नाही. मग तुम्हाला तिसरा कोणी शोधावा लागेल, आणि तो आम्हालाच विचारून येईल.”

त्याच्या आयुष्यातलं हे सगळ्यांत लांब बोलणं असावं. बोलून झाल्यावर तो स्वतःच घाबरला आणि जिन्याकडे तोंड करून उभा राहिला. सेक्रेटरींनी खुर्ची परत आत नेली.

“तुम्ही एवढं बोलता?” वर गेल्यावर मॅडमने विचारलं.

“हां,” घुम्या म्हणाला.

त्याला तिचं वाक्य ऐकू आलेलं नव्हतं.

मोटारींच्या खोलीत आयुष्य काढलेल्या माणसाचे कान असेच जातात, वाळू निसटावी तसे. आधी बारीक आवाज गेले, मग पाठीमागचे. मोटार काय म्हणते ते त्याला अजून छातीत जाणवायचं, म्हणून कामात फरक पडला नाही. माणसांच्या बोलण्याला तो सरसकट हां म्हणायला लागला. आणि ज्याच्याकडून कधीच दोन शब्दांपलीकडे अपेक्षा नाही, त्याच्या हां मध्ये काही वावगं कोणाला दिसेना.

दिसलं ते एका सकाळी. इमारत फौजीची. तो वर मशीनच्या खोलीत, मॅडम तळमजल्याच्या उघड्या दारात (दार उघडं असूनही लिफ्ट हलावी अशी जोडणी कामापुरती केलेली), घुम्या लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात तेल पुसायला उतरलेला. काम झालं. त्याने खड्ड्यातलं थांबवायचं बटण मोकळं केलं, शिडीवर पाय ठेवला, आणि स्क्रू-ड्रायव्हर खालीच राहिला म्हणून पुन्हा वळला. त्याच वेळी कोणी रहिवासी दाराशी आला आणि मॅडम त्याला जिन्याने जायला सांगायला पाठमोरी झाली.

“बाहेर आलात का?” फौजीने वरून ओरडून विचारलं.

खड्ड्यात काहीतरी घुमल्यासारखं आलं.

“हां,” घुम्या म्हणाला.

लिफ्ट खाली निघाली. मॅडमने वळून पाहिलं तेव्हा दोर सरकत होते आणि खड्ड्यात घुम्याची पाठ दिसत होती. ती दारातच पालथी पडली आणि हात आत घालून तिने ते थांबवायचं बटण दाबलं. लिफ्टचा तळ घुम्याच्या डोक्यावर हातभर अंतरावर येऊन थांबला. त्याने वर पाहिलं, हाताने तळाला स्पर्श केला, आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन रांगत बाहेर आला.

फौजी जिना उतरून आला तो पायरीवरच बसला.

“मी विचारलं,” तो म्हणाला. “तुम्ही हां म्हणालात.”

घुम्या त्याच्या ओठांकडे बघत होता. “ऐकू येत नाही मला,” तो म्हणाला. “बरेच दिवस.”

“आणि सांगितलं नाहीत.”

फौजीने पिशवी उचलली आणि निघून गेला.

घरी त्याने बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती. चिरता चिरताच म्हणाली, “मला दोन वर्षं माहीत आहे. मी रोज तुमच्या समोर येऊन बोलते, ते काय तुमचं रूप बघायला?”

“मग बोलली नाहीस.”

“तुम्ही तरी कधी काय बोलता?” ती म्हणाली, आणि मग सुरी ठेवून त्याच्याजवळ येऊन बसली.

कानात घालायचं यंत्र आणलं. घरात त्याचा उपयोग झाला. शाफ्टमध्ये मात्र त्यातून नुसता कल्लोळ यायचा आणि माणसाचा आवाज त्यातच बुडायचा. आता वर चढणं संपलं, हे त्याचं त्यालाच कळलं. कोणी सांगायची वेळ आली नाही. तो गाळ्यात जायचा बंद झाला. ताईचे फोन आले, ते बायकोने घेतले. उस्ताद एकदा घरी येऊन गेला. दोघं बराच वेळ समोरासमोर बसले. जाताना उस्तादने आपल्या कानाला हात लावला, मग घुम्याच्या कानाला, आणि हसून पाठीवर थाप मारली. बायको म्हणाली, इतक्या वर्षांत घरी आलेला हा पहिला पाहुणा, ज्याच्याशी तुमचं पटलं.

फौजी आला नाही. म्हणून एका रविवारी घुम्याच त्याच्या घरी गेला. फौजीने दार उघडलं आणि आत वळला. या म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. घुम्या खुर्चीच्या कडेवर टेकला. बोलायचं काय ते तो वाटेत घोकत आला होता, पण आयत्या वेळी त्यातलं एकही वाक्य सापडेना.

“तुमच्या हातून झालं असतं,” तो म्हणाला. “माझ्या एका शब्दाने. जन्मभर तुमच्या मानेवर बसलं असतं ते.”

फौजी खिडकीतून बाहेर बघत होता. मग काहीतरी ध्यानात येऊन तो वळला, खुर्ची ओढून घुम्याच्या अगदी समोर बसला आणि एकेक शब्द सुटा करून बोलला.

“झोप लागत नाही मला. डोळा लागला की तुमचा हां ऐकू येतो.”

“हां,” घुम्या म्हणाला, आणि थांबला. “ऐकू आलं. खरंच.”

“नाही ऐकू आलं तर नाही म्हणायचं. दहा वेळा विचारायला लावा मला. पण हां म्हणायचं बंद करा.”

“माझ्या इमारती तुम्ही घ्या. तुम्ही आणि मॅडम.”

“इमारती कसल्या घेऊ,” फौजी म्हणाला. “त्या पोरीला द्या. मला माझ्याच जड झाल्यात.” तो उठला आणि चहा ठेवायला आत गेला.

इमारती द्यायच्या म्हणजे नुसतं सांगून भागत नाही. घुम्या मॅडमला घेऊन प्रत्येक ठिकाणी गेला. या लिफ्टचं दार पावसाळ्यात फुगतं, इथल्या चौथ्या मजल्यावरचे आजोबा रोज बटण दोनदा दाबतात, तो बिघाड नव्हे. त्या मशीनच्या खोलीची किल्ली खालच्या शिंप्याकडे असते, तो दुपारी झोपतो. तो एवढं बोलतोय हे बघून इमारतीतली माणसं बावरली. “तुम्हाला बोलता येतं होय,” एक बाई म्हणाल्या. खुर्ची देऊ करणाऱ्या सेक्रेटरींनी या वेळी मॅडमला विचारलं, पॅनेल बदलायचा का आणखी एक वर्ष जाईल. घुम्या उत्तर द्यायला तोंड उघडत होता; मग त्याने ते मिटलं आणि मॅडमकडे पाहिलं. ती बोलत असताना तो जिन्याच्या कठड्याला टेकून उभा राहिला. तिला सगळं येत होतं. त्याचं तिथलं काम संपलं होतं, आणि ते संपताना काही आवाज झाला असला तर त्याला आला नाही.

आता तो घरीच बसला असता. पण उस्तादच्या डोक्यात काही वेगळंच शिजत होतं. त्याने गाळ्यात सगळ्यांना गोळा केलं आणि हातांनी समजावलं: तुम्ही लोक ओरडता कशाला? मी इतकी वर्षं न ऐकता आगीशी काम करतो. मी बघतो. कान फसवतात, ओरडलेलं भलतंच ऐकू येतं. दिवा फसवत नाही. मॅडमने बसल्या जागी कागदावर जोडणी काढली, ताईने तार गुंडाळून दिली, फौजीने दोन पेट्या आणल्या. एक पेटी मशीनच्या खोलीत, एक खाली दाराशी, तार रुळाच्या कडेने बांधलेली. वरच्याने विचारायला दिवा लावायचा. खालच्याने खड्ड्यात डोळ्यांनी बघायचं, दारातून माणसं दूर करायची आणि मगच आपलं बटण दाबायचं. ते दाबल्याशिवाय वर कोणी चाकाला हात लावायचा नाही.

“खाली कोण?” ताईने विचारलं.

फौजीने दुसरी पेटी उचलली आणि घुम्याच्या मांडीवर ठेवली.

पहिल्यांदा ते गेले ती इमारत जुनी होती. एक दोर बदलायचा होता. फौजी आणि मॅडम वर, उस्ताद मधल्या मजल्यावर दाराशी. घुम्या तळमजल्यावर उघड्या दारापुढे स्टुलावर बसला होता. कमरेच्या उंचीवर आडवी साखळी लावलेली, पेटी हाताशी.

बाजारातून आलेल्या एक बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. वय झालेलं, हातात जड पिशवी. त्या काही म्हणाल्या. घुम्या उठला, त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहत म्हणाला, “ऐकू आलं नाही. पुन्हा सांगा.”

“किती वेळ लागेल म्हटलं,” बाई म्हणाल्या. “गुडघे दुखतात हो. एक चक्कर मारू द्या ना वर, मग करा तुमचं.”

“नाही जमणार,” घुम्या म्हणाला. “वर आमची माणसं आहेत.”

बाईंनी उघड्या दारातून अंधारात डोकावून पाहिलं. तिथे काहीच दिसत नव्हतं. “पिशवी तरी,” त्या म्हणाल्या.

“पिशवी ठेवून जा. लिफ्ट सुरू झाली की पाठवतो. कितवा मजला?”

त्यांनी बोटांनी तीन दाखवलं. मग कठडा धरून, एकेका पायरीवर थांबत त्या वर चढायला लागल्या. त्यांना हात द्यावा असं त्याला फार वाटलं. पण तो जागचा हलला नाही. त्याने पिशवी स्टुलाच्या पायाशी नीट टेकवून ठेवली, आतली भाजी सांडू नये म्हणून तिचं तोंड मुडपलं, आणि जिन्याकडे पाठ करून पुन्हा त्या पेटीकडे बघत बसला.